हलका लॅपटॉप आणि मुक्त कार्यप्रणाली : शिक्षकांसाठी निवडीचे निकष



आदिलाबाद जिल्हा ही अनेक भाषांची भूमी आहे. पैनगंगेच्या अलीकडील बेला, जैनथ, तलमडगू या भागांत मराठी घरोघर बोलली जाते. उटनूर-नारनूरच्या डोंगराळ भागात गोंडी व कोलामी नांदतात. बाजारात आणि कचेरीत तेलुगू व उर्दू चालते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. सीमारेषा बदलली, परंतु घरातील बोली बदलली नाही. आजही येथील मराठी माध्यमाच्या शाळेतील शिक्षकाला प्रश्नपत्रिका मराठीत, कार्यालयीन पत्रव्यवहार तेलुगूत अथवा इंग्रजीत करावा लागतो, आणि वर्गातील काही मुलांशी गोंडीत बोलावे लागते. लॅपटॉप घेताना त्याची किंमत व कंपनी यांचा विचार होतो. तथापि, हे यंत्र आपल्या लिपी नीट लिहील काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक या जिल्ह्यात तोच पहिला प्रश्न असावयास हवा.

यंत्राचे सर्व व्यवहार ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात तिला कार्यप्रणाली म्हणतात. बहुतेक यंत्रांवर ती एखाद्या कंपनीच्या मालकीची असते. याला पर्याय म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लोकांपुढे ठेवला. या दोहोंच्या मेळातून ज्या प्रणाली घडल्या त्यांचा मूळ मजकूर कोणालाही पाहता येतो, बदलता येतो आणि इतरांना देता येतो. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे होत. केरळ राज्यातील शासकीय शाळांत गेली पंधराहून अधिक वर्षे संगणकाचे शिक्षण अशाच प्रणालीवर दिले जात आहे. तेव्हा हा केवळ हौशी मंडळींचा विषय राहिलेला नाही.

या विषयाला सध्या आणखी एक निमित्त आहे. विंडोज १० या प्रणालीची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्यावर चालणारी कित्येक सुस्थितीतील यंत्रे पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात काढण्यापूर्वी मुक्त प्रणालीचा विचार अवश्य व्हावा. कारण अशा यंत्रांना ती बहुधा मानवते.

हलके यंत्र आणि मुक्त प्रणाली यांची जोड महाराष्ट्राने पूर्वीच पाहिली आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैरात या लहानशा गावी २००७ मध्ये एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती ‘एक्सओ’ नावाचे छोटे लॅपटॉप देण्यात आले. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील ते यंत्र सुमारे दीड किलो वजनाचे होते. त्यात पंखा नव्हता, फिरती हार्ड डिस्क नव्हती, आणि पडदा भर उन्हातही वाचता येत असे. स्मृती अवघी २५६ मेगाबाइट. तरीही त्यावर लिनक्स चालत असे, कारण यंत्र व प्रणाली यांची रचना एकमेकांकडे पाहून केलेली होती. मात्र याच योजनेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. पेरू देशाने अशी आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणिताच्या व भाषेच्या गुणांत त्यामुळे वाढ झाल्याचे आढळले नाही. यंत्र वाटल्याने शिक्षण होत नाही. ते वापरणारा शिक्षक तयार असावा लागतो. म्हणूनच निवडीचा अधिकार आणि निवडीचे ज्ञान ही दोन्ही शिक्षकापाशी असणे इष्ट होय.

आता प्रत्यक्ष निकषांकडे वळू. पहिला निकष वजनाचा. गुड्यागुड्यांतून दुचाकीवर किंवा पायी फिरणाऱ्या शिक्षकास तेरा-चौदा इंची पडद्याचे, सव्वा ते दीड किलोचे यंत्र सोयीचे पडते. परंतु अतिशय पातळ यंत्रात स्मृती मूळ पटलावरच डाख देऊन बसविलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. अशा यंत्रात आरंभीच आठ गिगाबाइट स्मृती असावी. जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी असावी. धक्क्यांचे भय कमी होते आणि जुने यंत्रही चपळ होते. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक या मालिकांतील वापरलेली यंत्रे बऱ्याचदा नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा टिकाऊ ठरतात, कारण त्यांपैकी पुष्कळांचे भाग खोलून बदलता येतात.

दुसरा निकष येथील हवेचा. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि कापसाच्या हंगामात हवेत तंतू व धूळ असते. पंख्याच्या जाळीत हे तंतू अडकले की यंत्र तापते, मंद होते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. सबब पंखा सहज उघडून साफ करता येईल, किंवा मुळात पंखाच नसेल, असे यंत्र पाहावे. बॅटरी बदलून मिळते काय आणि आदिलाबादच्या बाजारात ती मिळेल काय, हेही विचारून घ्यावे. वीज नसताना उपयोगी पडावी म्हणून यूएसबी-सी मार्गाने चार्ज होणारे यंत्र अधिक बरे.

तिसरा निकष अंतर्गत भागांचा. इंटेलचे वायफाय आणि इंटेल किंवा एएमडीचे अंगभूत चित्रपटल यांना लिनक्सचा पाठिंबा जुना व भक्कम आहे. काही ब्रॉडकॉम चिपांना मात्र वेगळी, मालकीची आज्ञावली लागते. नव्या एआरएम प्रोसेसरची काही यंत्रे वजनाला हलकी असतात; तथापि त्यांवर मुक्त प्रणाली बसविणे अद्याप सर्वत्र सुकर झालेले नाही. शाळेतील प्रिंटर त्या प्रणालीवर चालतो काय, हेही आधीच पाहावे.

हे सर्व कागदावर तपासण्यापेक्षा दुकानातच तपासणे उत्तम. पेनड्राइव्हवर प्रणाली घालून तिच्यावरूनच यंत्र सुरू करता येते. मूळ डिस्कला त्याने धक्का लागत नाही. दुकानदाराची संमती घेऊन अर्धा तास बसावे. वायफाय जोडावे, ध्वनी ऐकावा, कॅमेरा लावावा, पडद्याचा उजेड कमीजास्त करावा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडावे. यंत्र पूर्ववत जागे झाले पाहिजे. जुन्या यंत्रास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखी हलकी मांडणी द्यावी.

यानंतर लिपीची परीक्षा. ‘ॲ’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’ हे लिहून पाहावे. यातील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून जुन्या टंकात त्याच्या जागी चौकोन दिसतो. ‘दऱ्या’तील अर्धा र रफार होऊन वर चढला, तर तो टंक मराठीच्या कामाचा नाही. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या प्रश्नपत्रिका आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतील, हेही विसरू नये.

टंकलेखनासाठी भारत सरकारने प्रमाणित केलेली इनस्क्रिप्ट मांडणी मुक्त प्रणालींत असतेच. तिचा विशेष असा की सर्व भारतीय लिपींत एका ध्वनीची कळ एकच असते. मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर तेलुगूचा ‘क’. मराठीचे टंकलेखन शिकलेल्या शिक्षकास तेलुगूसाठी कळपट नव्याने पाठ करावा लागत नाही. दोन राज्यभाषांच्या सीमेवर ही फार मोठी सोय होय.

अखेरीस गोंडीविषयी. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेव्हा मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. पुढे नारनूर भागातील गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली, आणि २०१८ मध्ये त्या लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तिचा ‘नोटो’ मालिकेतील टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून तो मुक्त प्रणालीवर विनामूल्य बसविता येतो. मोठ्या बाजारपेठेची वाट न पाहता एखाद्या गावाची लिपी शाळेच्या पडद्यावर उमटू शकते, हा मुक्ततेचा खरा अर्थ आहे. टंकात उणीव आढळली तर ती कळविण्याचा, आणि जाणकार असल्यास दुरुस्त करण्याचा, अधिकार नारनूरच्या शिक्षकासही तितकाच आहे.

तात्पर्य, खरेदी समितीने आपला क्रम बदलावा. आधी शाळेला लागणाऱ्या लिपींची यादी करावी. मग त्या लिपी चालविणारी प्रणाली निवडावी. मग त्या प्रणालीला मानवणारे, दुरुस्त होणारे, हलके यंत्र शोधावे. आणि दरपत्रके शेवटी मागवावीत. आधी दर आणि नंतर लिपी अशा उलट क्रमाने घेतलेले यंत्र वजनाला कितीही हलके असले, तरी ते शाळेला जडच होते.