समुद्राला कुंपण नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा समुद्रावर बोलायला मला का उभे केले, हे चिटणीसबाईच जाणोत. पण मासळीच्या पाटीपुरता का होईना, समुद्राशी माझा रोजचा संबंध आहे. त्या हक्काने चार शब्द बोलते.

आपली समजूत अशी, की समुद्रात टाकले ते गेले. ते जात नाही. पावसाळ्यात मोठी भरती आली की मुंबईला मरीन ड्राइव्हवर समुद्र आपला कचरा आपल्यालाच परत करतो. शेजाऱ्याचाही कचरा तो आपल्या दारी आणतो. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ नावाच्या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १६८० टन प्लॅस्टिकचे दाणे होते. हे दाणे साबुदाण्याएवढे असतात; तेच वितळवून पुढे आपल्या बादल्या नि डबे होतात. मासे त्यांना अंडी समजून गिळतात. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर माणसे चाळण्या घेऊन वाळू चाळत बसली. मग २०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या समुद्रात बुडाले, नि तसलेच दाणे केरळात, तामिळनाडूत आणि जूनमध्ये पुन्हा श्रीलंकेत जाऊन लागले. आता यात भांडायचे कोणी कोणाशी?

म्हणून देशांनीही शेजारधर्म पाळावा लागतो. दक्षिण आशियातील आठ देशांची पर्यावरणासाठी एक सहकारी संस्था १९८२ पासून आहे, तिची कचेरी कोलंबोस. नेपाळ-भूतानला समुद्र नाही, तरी ते तीत आहेत. नद्या तिकडूनच खाली येतात ना! नद्या व समुद्र यांतले प्लॅस्टिक कमी करण्याची योजना या संस्थेने २०२० साली जागतिक बँकेच्या मदतीने हाती घेतली. नव्या युक्त्यांना पैसा पुरवणे हा तिचा एक भाग.

मला मात्र सर्वांत पटली ती केरळातील कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदराची युक्ती. तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या-बाटल्या येत आणि ते त्या पुन्हा पाण्यात टाकीत. आपल्या बंदरावरही असेच चालते, असे आमची कोळीणमावशी सांगते. तिचे म्हणणे, “आणून ठेवू कुठे?” बरोबरच आहे. तिथे २०१७ साली सरकारने होड्यांना पिशव्या दिल्या, बंदरावर जागा दिली आणि प्लॅस्टिकचे तुकडे करणारे यंत्र बसविले. पहिल्या दहा महिन्यांत २५ टन प्लॅस्टिक वर आले. तो चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. ही रीत मदुराईच्या वासुदेवन या प्राध्यापकांची. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. खडी तापवायची, तीवर चुरा पसरायचा, तो वितळून खडीला लपेटला की मग डांबर घालायचे. आपण रव्याला तूप चोळतो, तसेच. अर्थात रस्त्यात घातले म्हणजे प्लॅस्टिक नाहीसे झाले असे मी मानीत नाही. घरात कमी आणणे हे केव्हाही बरे.

पण मुद्दा पुढेच आहे. त्या बंदरावर आलेले प्लॅस्टिक निवडायचे नि धुवायचे काम बायकांनी केले, आणि त्यांना त्याची मजुरी मिळाली. आपल्याकडे स्वच्छता म्हटली की हारतुरे, फोटो, आणि झाडू बायकांच्या हाती, तोही फुकट. एक रविवार किनारा झाडून घरी यायला मला हरकत नाही, पण रोज येणारा कचरा रविवारच्या हौसेने उरकत नाही. ज्यांचे हात रोज त्या घाणीत जाणार, त्यांना हातमोजे, साबण, सावली आणि रोज मिळालाच पाहिजे.

काही भगिनी म्हणतील, हे कोळीवाड्याचे काम, मंडळाचे कशाला? पण हळदीकुंकवाची वाणे आपण कशात गुंडाळून देतो, नि त्या पिशव्या शेवटी ओढ्याने कुठे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून चहापूर्वी मी दोन ठराव मांडणार आहे. यंदाचे वाण कापडी पिशवीत द्यावे, हा एक. बंदरावर प्लॅस्टिक उतरवायला पत्र्याची शेड आणि निवडणाऱ्या बायकांना ठरलेली मजुरी मिळावी, असा अर्ज मंडळाने नगरपालिकेस करावा, हा दुसरा. अर्ज मी लिहून आणला आहे. कोळीवाड्यातील सहाजणींनी त्यावर सह्या केल्या आहेत. त्या मागे सतरंजीवर बसल्या आहेत. कोणाला काही विचारायचे असेल तर त्यांनाच विचारावे.