नियमाचा शब्द आणि शर्यतीची मोटार

सिल्वाशाच्या मुक्तीची कथा मराठी घरांना अपरिचित नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी तेथील पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला, त्या लढ्यात महाराष्ट्रातील अनेक तरुण होते आणि सुधीर फडके यांच्यासारखा गायकही होता, हे पुष्कळांस ठाऊक असते. पण या लढ्याचा दुसरा अंक हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात केवळ शब्दांनी लढला गेला, तो सहसा कोणी सांगत नाही. दमणहून दादरा आणि नगर हवेलीपर्यंत भारतीय मुलखातून जाण्याचा आपला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये तेथे गुदरला. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७७९ साली, पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला होता आणि त्यान्वये १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस मिळाली होती. ती मिळाली ती राज्य म्हणून की सरंजाम म्हणून, हा वादाचा मूळ मुद्दा. पुण्याच्या दफ्तरातील मराठी शब्दांचा कीस हेगमध्ये काढला गेला. तेथील न्यायपीठावर भारतातर्फे मुंबईचे न्यायमूर्ती छगला बसले होते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिले ते महसुलाचे उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र पुढे सव्वाशे वर्षे जी वहिवाट चालली तिला त्याने मान दिला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा अखंड चालली होती, म्हणून तेवढा हक्क सिद्ध. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना वेळोवेळी परवानगी घ्यावी लागत होती, म्हणून तो हक्क नाही. शिवाय १९५४ साली भारताने वाट अडविली त्यातही कसूर नाही. एकाच वाटेचे असे दोन भाग पडले.

नियमाचा शब्द काय म्हणतो, वहिवाट काय सांगते आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे प्रश्न राज्याराज्यांतच उद्भवतात असे नाही. ज्या खेळात ते जवळजवळ दर वर्षी उद्भवतात असा एक खेळ आहे, तो म्हणजे मोटारींची शर्यत. त्या खेळात न्यायालयासारखीच न्यायालये आहेत, वकील आहेत, अपिले आहेत. आणि भारताचे नाव लावणाऱ्या एका संघाच्या वारसांना हेगच्या निकालाशी विलक्षण साम्य असलेला निवाडा २०२० साली ऐकावा लागला. तो समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे.

‘फॉर्म्युला वन’ या नावातील फॉर्म्युला म्हणजेच नियमांचे सूत्र. १९५० पासून या सूत्रानुसार विश्वविजेतेपदाच्या शर्यती होत आल्या आहेत. क्रिकेटच्या खेळाडूला बॅट दुकानातून घेता येते. येथे प्रत्येक संघाने आपली गाडी आपण बांधायची, हा खेळाचा मुख्य करार. साहजिकच येथील अभियंता नियमांचे पुस्तक जितके आज्ञापालनासाठी वाचतो, तितकेच त्यात काय लिहिलेले नाही हे शोधण्यासाठीही वाचतो. यात लबाडी पाहणारे पुष्कळ आहेत. पण ज्याला ही लबाडी वाटते त्याने हेही ध्यानात घ्यावे की, जे निषिद्ध नाही ते शोधून काढणे हाच या खेळातील अर्धा पराक्रम आहे.

१९७८ साली स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्प येथे ब्रॅबम संघाने मागील बाजूस मोठा पंखा बसविलेली गाडी आणली. गॉर्डन मरे हे तिचे रचनाकार. पंखा गाडीखालची हवा ओढून घेई आणि त्यामुळे गाडी रस्त्याला जणू चिकटून राही. हवेच्या दाबाचा लाभ घेणारे हलते भाग नियमाने निषिद्ध होते. त्यावर संघाचे उत्तर असे की, पंख्याचे मुख्य काम एंजिनाचे पाणी थंड करणे हे आहे. हवा ओढली जाते हा त्याचा आनुषंगिक परिणाम. निकी लाउडा ३४ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. विजय कायम राहिला, पण गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. इतर संघांचा रोष पाहून ती मागे घेण्यात आली आणि पुढे असल्या पंख्यांवर बंदी आली. ‘मुख्य काम’ या दोन शब्दांच्या फटीतून आख्खी गाडी बाहेर पडली होती.

त्यानंतर चारच वर्षांनी ब्राझीलमध्ये घडले ते याहून कमी मोहक होते. गाडीचे किमान वजन ५८० किलो असावे असा नियम होता आणि शर्यत संपल्यावर, वजन करण्यापूर्वी, खर्च झालेली द्रवद्रव्ये पुन्हा भरण्याची मुभा होती. ब्रेक थंड ठेवण्यासाठी म्हणून काही संघांनी पाण्याच्या टाक्या बसविल्या. शर्यत सुरू झाल्यावर ते पाणी लवकरच सांडून टाकायचे, हलक्या गाडीने धावायचे आणि शेवटी टाकी भरून काट्यावर चढायचे, असा तो बेत. पिके पहिला आला, केके रोसबर्ग दुसरा. तक्रारीअंती दोघेही बाद झाले आणि तिसरा आलेला प्रोस्त विजेता ठरला. ब्रिटिश संघांपैकी बहुतेकांनी रागावून पुढच्या इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार घातला. तेथे अवघ्या १४ गाड्या सुटल्या. पंख्यात निदान एक नवी कल्पना होती. पाण्याच्या टाकीत होता तो केवळ तराजूला दिलेला चकवा.

शब्दाच्या अर्थाइतकाच मापाचाही प्रश्न असतो. महाराष्ट्रातील शर्यतशौकिनांना हे वेगळे सांगायला नको. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींत बैलांचे गट आदत, दुसा, चौसा असे दातांवरून पडतात आणि बैलाचे तोंड उघडून दात पाहणारा डोळा हेच तेथले माप. (त्या शर्यतींचा मोठा खटला मात्र निराळा होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, राज्याच्या २०१७ च्या कायद्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह वाट मोकळी झाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. तेथे प्रश्न शर्यतच कायदेशीर की नाही असा होता. मोटारींच्या जगात प्रश्न असतो तो गाडीचा.) मोटारीला दात नाहीत, म्हणून तेथे मिलिमीटर आणि किलोग्रॅम मोजतात. पण मिलिमीटरही वाटतो तितका निःसंदिग्ध नसतो.

ऑक्टोबर १९९९ मध्ये मलेशियात सेपांग येथे फेरारीचे अर्वाइन आणि शूमाकर पहिले-दुसरे आले. पुढल्या चाकांमागे हवा वळविण्यासाठी ज्या उभ्या फळ्या असतात त्यांच्या मापात १० मिलिमीटरची चूक तपासनिसांना आढळली आणि दोन्ही गाड्या बाद ठरल्या. निकाल टिकला असता तर मॅक्लारेनचा हक्किनेन तेथल्या तेथे विश्वविजेता झाला असता. फेरारीचे तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन यांनी आरंभी उणीव मान्यही केली होती. पण आठवडाभरात पॅरिसच्या अपील न्यायालयात चित्र पालटले. सेपांगच्या मोजणीची साधने पुरेशी अचूक नव्हती, फळी योग्य रीतीने बसवून मोजली तर ती ५ मिलिमीटरच्या अनुज्ञेय मर्यादेत बसते, असे न्यायालयाने म्हटले आणि विजय परत दिला. हक्किनेनने पुढे सुझुका जिंकून विजेतेपद मिळविले, म्हणून तो वाद शमला. अन्यथा तो अजून धुमसत राहिला असता. उलट २८ जुलै २०२४ रोजी बेल्जियममध्ये स्पा येथे जॉर्ज रसेल जिंकला तेव्हा इंधन काढून घेतल्यावर त्याची गाडी ७९६.५ किलो भरली. नियम ७९८ किलोचा. दीड किलोसाठी विजय गेला. संघाने हुज्जत घातली नाही. काटा सर्वांसाठी एकच असेल आणि तो सर्वांना मान्य असेल, तर कठोर निकालही पचतो, हे त्या दिवशी दिसले.

त्याच रॉस ब्रॉन यांची दुसरी गोष्ट शब्दाच्या बाजूची आहे. २००८ च्या अखेरीस होंडा कंपनीने आपला संघ बंद केला आणि ब्रॉन यांनी तो नाममात्र एका पौंडात घेतला. २००९ च्या नव्या नियमांनी गाडीच्या मागील तळाशी असलेल्या हवेच्या मार्गाची उंची कमी केली होती. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन संघांनी त्यावर दुसरा मजला चढविला. तळाला भोक असू नये, असा नियम. या संघांचे म्हणणे असे की, वेगवेगळ्या पातळीवरील दोन पृष्ठभागांच्या मधील उभी जागा म्हणजे भोक नव्हे. फेरारी, रेड बुल आणि रेनॉ यांनी मेलबर्न येथे तक्रार केली. ती फेटाळली गेली आणि १५ एप्रिल २००९ रोजी पॅरिसच्या न्यायालयानेही रचना वैध ठरविली. ब्रॉन संघाचा जेन्सन बटन विश्वविजेता झाला. या नियमात पळवाट आहे असे आपण आदल्या वर्षीच इतर संघांना सांगितले होते, ते बुजविण्याची तयारीही दाखविली होती, पण कोणी मनावर घेतले नाही, असे ब्रॉन यांनी नंतर सांगितले. ज्यांनी वेळीच कुंपण घातले नाही त्यांची नंतरची तक्रार न्यायालयाने ऐकली, पण मानली नाही. तो निकाल योग्यच होता. नियमाच्या ‘आत्म्या’चा दाखला देणाऱ्यांस तो आत्मा नेमका कोठे लिहिला आहे हे दाखविता येत नाही.

आता भारताच्या नावाच्या संघाकडे वळू. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गासमोर एक कारखाना होता. तेथे पूर्वी जॉर्डन नावाचा संघ होता. त्याचा २००३ चा ब्राझीलमधील विजय आधी दुसऱ्याला देऊन फेऱ्यांची मोजणी सुधारल्यावर, काही दिवसांनी, त्याच्या पदरात पडला होता. तेव्हा नियमांच्या खलबतांची त्या वास्तूला सवय होती. २००७ साली विजय मल्ल्या आणि त्यांचे भागीदार यांनी तो संघ घेतला आणि २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ या नावाने धावू लागला. २००९ साली स्पा येथे त्याने दुसरा क्रमांक पटकाविला. जुलै २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला. चारशेहून अधिक माणसांची नोकरी टांगणीला लागली. लॉरेन्स स्ट्रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालमत्ता विकत घेतल्यावर संघ ‘रेसिंग पॉइंट फोर्स इंडिया’ म्हणून पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी अबुधाबीत हास संघाने हरकत घेतली: ज्या संघाने गाडी मुळात रचली तो आता उरला नाही, मग हा नवा संघ ‘निर्माता’ कसा? पंचांनी ती फेटाळली.

२०२० साली हाच संघ, नावातील इंडिया गळून केवळ ‘रेसिंग पॉइंट’ होऊन, आदल्या वर्षीच्या विजेत्या मर्सिडीजशी हुबेहूब जुळणारी गाडी घेऊन उतरला. छायाचित्रे पाहून गाडीची नक्कल केली, असे संघाचे म्हणणे. आणि तेवढ्यास नियमाची आडकाठी नव्हती. अडचण निघाली ती ब्रेकना हवा पोहोचविणाऱ्या नळ्यांत. २०१९ पर्यंत या नळ्यांची रचना दुसऱ्या संघाकडून घेता येत असे. २०२० पासून त्या प्रत्येक संघाने स्वतः रचावयाच्या भागांच्या यादीत आल्या. रेनॉने तक्रार केली. ७ ऑगस्ट २०२० रोजी पंचांनी निकाल दिला. पुढच्या चाकांच्या नळ्या संघाने २०१९ मध्येच, तेव्हा मुभा असताना, आपल्या गाडीवर वापरल्या होत्या. त्यांना धक्का नाही. मागच्या नळ्यांची रचना मर्सिडीजकडून आलेली, पण त्या २०१९ मध्ये शर्यतीत कधी वापरल्याच गेल्या नव्हत्या. म्हणून त्या संघाच्या स्वतःच्या ठरत नाहीत. ज्याची वहिवाट आधीपासून होती ते टिकले, ज्याची नव्हती ते गेले. हेगच्या न्यायाधीशांनी सिल्वाशाच्या वाटेचे जसे दोन भाग केले, तसे या पंचांनी एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचे केले.

शिक्षा झाली ती ४ लाख युरोचा दंड आणि १५ गुणांची कपात. पण त्या नळ्या काढून टाकण्याची सक्ती झाली नाही. जे ज्ञान एकदा झाले ते विसरा, असे अभियंत्यांना सांगता येत नाही, हे पंचांनी ओळखले. शिक्षा हलकी म्हणून फेरारी आणि रेनॉ नाराज, झाली म्हणूनच रेसिंग पॉइंट नाराज. दोन्हीकडून अपिले दाखल झाली आणि पुढे मागे घेतली गेली. अशा सरसकट नकलेला २०२१ पासून बंदी करण्यात आली, म्हणजे कुंपण यावेळीही गुरे शिरल्यावरच पडले. ती गाडी धावत राहिली. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये साखीर येथे सर्जिओ पेरेझने तीत बसून विजय मिळविला. २००३ च्या त्या ब्राझीलमधील विजयानंतर सिल्व्हरस्टोनच्या त्या कारखान्याला लाभलेला हा पहिलाच विजय. दिवाळखोरीच्या दिवसांत जी माणसे पगाराची वाट पाहत होती, त्यांपैकी कित्येक अजून तेथेच होती.

हंगाम संपला तेव्हा मॅक्लारेनचे २०२ गुण झाले होते आणि रेसिंग पॉइंटचे १९५. कापलेले १५ मिळविले असते तर ते २१० झाले असते. तिसरा क्रमांक आणि त्याबरोबरची बक्षिसाची मोठी रक्कम मॅक्लारेनकडे गेली.