लाकूड पुरून केलेली बाग



कामगार संघटनेच्या माणसाने बागेवर बोलावे याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु सफाई कामगारांत वावरतानाच हा विषय आमच्यापुढे आला. फाल्गुन-चैत्रात गावोगावी पाचोळ्याचे आणि छाटलेल्या फांद्यांचे ढीग पडतात. असा कचरा रस्त्यावर जाळू नये, असे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणारास ५,००० रुपये दंड ठरविला. तरीही ढीग पेटतात, आणि धूर प्रथम जातो तो काडी लावणाऱ्याच्या छातीत. मग त्या लाकडाचे करावे काय? ते पुरावे आणि त्यावर वाफा करावा, हे आमचे सांगणे आहे.

कोकणात व मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे फांद्या, पाला, शेण जमिनीवर पसरून पावसापूर्वी पेटवितात. राखेतील क्षार जमिनीस मिळतात. बाकीचा बहुतेक भाग धुराबरोबर आकाशात जातो. जर्मन लोकांनी हेच लाकूड न जाळता मातीआड केले. त्यांच्या भाषेत या रीतीस ‘टेकडीशेती’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि ऑस्ट्रियातील शेतकरी झेप होल्झर यांनी ती पुष्कळांस परिचित करून दिली. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने काडीकचऱ्यापासून माती घडविण्याचा विचार घरोघर नेला. त्याच विचाराने प्रीती पाटील यांनी या शतकाच्या आरंभी त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भटारखान्याच्या गच्चीवर बाग उभी केली. कामगारांच्या जेवणातील टाकाऊ भागावर ती वाढली, हे आम्हांस विशेष वाटते.

यातील मर्म साधे आहे. कुजू लागलेले लाकूड स्पंजासारखे पाणी धरते आणि सावकाश सोडते. पाण्याचे मोल येडशीकरांना सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. १२ तारखेस पोहोचलेल्या पहिल्या गाडीत १० टाक्यांत ५ लाख लिटर पाणी होते. ती याच रुळांवरून गेली. वाफ्याने दुष्काळ हटणार नाही. पण पावसाचे पाणी मुळांपाशी अधिक दिवस थांबेल, एवढे मात्र खरे.

जर्मनीत हे ढीग जमिनीवर उंच करतात. आपल्या उन्हात तसे केले तर ढीग चहूकडून सुकेल. म्हणून आपण बराचसा भाग जमिनीत ठेवावा. चर ३ फूट रुंद, दीड फूट खोल घ्यावा. तळाशी जाड ओंडके, त्यांवर फांद्या, मग पाला, ओले गवत व शेणखत घालून प्रत्येक थर भिजवावा, आणि निघालेली माती वर चढवून फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. बालाघाटाची मुरमाड जमीन पाणी धरत नाही, आणि खालची काळी जमीन पावसात चिबडते. उंच वाफा दोहींस उपयोगी. काम मृगापूर्वी उरकावे, म्हणजे पहिला पाऊस लाकडात मुरेल.

जुने, पोचट लाकूड उत्तम. सुबाभूळ, गुलमोहर लवकर कुजतात. बाभूळ पुष्कळ वर्षे टिकते. शेवग्याची ओली फांदी पुरू नये, ती फुटून येते. ताजे लाकूड कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेते. यास्तव शेणखतात कसूर नको, आणि पहिल्या वर्षी चवळी-घेवडा लावावा. वांगी, मिरची पुढच्या वर्षी. लाकूड कुजते तसा वाफा खचतो, म्हणून त्यावर मोठे झाड लावू नये. वाळवी येईल, तेव्हा घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटींपासून वाफा दूर असावा.

कोणी विचारील, ज्यांची चूल अजून सरपणावर आहे त्यांनी काय करावे? प्रश्न रास्त आहे. जे लाकूड गरिबाच्या चुलीस लागते, त्यावर पहिला हक्क चुलीचा. रामलिंगाच्या रानातील पडलेल्या फांदीसही हात लावू नये. ते १९९७ पासून अभयारण्य आहे. तेथील कुजके लाकूड किड्यांचे, पाखरांचे आणि रानातल्या मातीचे आहे. आणि वाफ्यासाठी म्हणून उभे झाड तोडणे तर मूर्खपणाच. उरते ते रस्त्याकडेचे, शाळेच्या आवारातले, आपल्या अंगणातले. जे आज फुकट जळते ते.

शेवटी मजुरीचा हिशेब. १० फूट लांबीच्या वाफ्यास ४५ घनफूट माती उपसावी लागते. ती कोणाच्या तरी पाठीवर पडते. शाळेने, ग्रामपंचायतीने असे वाफे अवश्य करावेत. परंतु सफाई कामगाराच्या रोजच्या कामावर हे ‘सेवा’ म्हणून लादू नये. खणणारास दाम द्यावे, अथवा आपण सर्वांनी मिळून कुदळ धरावी. धुरापासून त्याची सुटका करावयाची आणि त्याच्याच डोक्यावर दुसरा बोजा ठेवावयाचा, यात न्याय नाही.

मृगाला अजून अवकाश आहे. आपल्या आळीतला एक ढीग यंदा पेटू देऊ नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.