आल्बममधील चौदा नंबर आणि आपले माळीतात्या

(श्रीमहादेव मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभाच्या तयारीसाठी भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



मला उभे केले आहे ते हिशेब सांगण्यासाठी. हिशेब समितीने तपासला आहे, त्यावर आपला वेळ घेत नाही. मात्र खर्चाच्या यादीत एक रकाना अजून कोरा आहे, ‘फुलांची सजावट’. त्यात काय लिहायचे यावरून गेले पंधरा दिवस पारावर वाद चालला आहे. वाद फुलांचा होता, तो आता माणसांवर आला आहे, म्हणून चार शब्द बोलतो.

तरुण मंडळींनी तालुक्याहून सजावटीचा आल्बम आणला. त्यातील चौदा नंबर सर्वांना पसंत पडला. जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, मोठी कमान, फोटो झकास. जुनी मंडळी म्हणतात, चाळीस वर्षे देवाची फुले माळीतात्या बांधतात, आता परक्याला कशाला बोलवायचे? पण आल्बमवाला परका नाही, तो तात्यांचाच थोरला मुलगा आहे. हे पारावर कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी येथे बोलतो.

आल्बमला मी नावे ठेवणार नाही. माझा जन्म छापील नमुन्यात चालला आहे. गाव नमुना सात आणि बारा चंद्रपुरात जो, तोच सिंधुदुर्गात, म्हणून तर कोणत्याही गावचा उतारा कोणत्याही कचेरीत वाचता येतो. फुलांच्या धंद्यातही नमुना असाच गरजेतून आला. अमेरिकेत १९१० साली काही फूलविक्रेत्यांनी तारेने एकमेकांकडे मागणी पाठविण्यासाठी संघ काढला. गिऱ्हाईक एका शहरात, फुले पोचवायची दुसऱ्या शहरात. पैसे भरणाऱ्याला फुले दिसणार नाहीत. अशा धंद्यात पुढे ठरलेली चित्रे आणि ठरलेले नंबर आले. अमुक नंबर म्हटले की दोन्हीकडे तोच गुच्छ. न पाहता विश्वास ठेवायचा तर दुसरा मार्ग कोणता?

मी मुलाला दुकानात जाऊन विचारले. तो म्हणाला, “काका, गिऱ्हाईक चित्रावर बोट ठेवते. बोट ठेवले की फुले किती लागणार ते कळते, भाव सांगता येतो, पोऱ्यासुद्धा कमान भरतो. बाबांच्या कामाचा भाव मी काय सांगू? ते सकाळी फुले पाहून ठरवतात.” मग जरा थांबून म्हणाला, “पण हाच आल्बम चार दुकानांत आहे. चौदा नंबर चौघांकडे. म्हणून गिऱ्हाईक एकच विचारते, कमी किती करता?”

ह्या दुसऱ्या वाक्याने मला झोप लागली नाही. नमुन्याने धंदा सोपा केला आणि सोपा केला म्हणूनच तो कोणाचाही झाला.

आता चौदा नंबरकडे पाहू. कलशारोहण वैशाखात आहे. जरबेरा आणि कार्नेशन ही गारव्याची फुले, शेडमध्ये वाढणारी. आपल्या मंडपात दुपारी बारापर्यंत ती माना टाकतील. आमच्या घरच्या लग्नात एका दुकानदाराने चित्रातली निळी फुले मिळाली नाहीत म्हणून पांढऱ्या फुलांना रंग दिला. पाणी मारले आणि रंग नवरदेवाच्या उपरण्यावर उतरला. शिवाय कमानीत फुले खोचायला हिरवा स्पंज वापरतात. तो पाणी धरतो हे खरे, पण नंतर त्याचा चुरा होतो आणि तो कुजत नाही. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्याने २०१८ साली बंदी घातली. हा स्पंज आपल्या ओढ्यात गेला तर काय निराळे?

आणखी एक. चौदा नंबर गणपतीलाही तोच, लग्नालाही तोच, दुकानाच्या उद्घाटनालाही तोच. आपला देव महादेव आहे. त्याला केवडा चालत नाही, बेल लागतो, रुई लागते, पांढरी कण्हेर लागते. हे चित्रात नाही. तात्या मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी मिटलेल्या असताना तोडतात, केळीच्या सोपटात बांधतात, ओल्या फडक्यात ठेवतात. हार पिंडीवर चढतो तेव्हा कळी असते, आरतीपर्यंत फूल होते. मी लहानपणापासून हे पाहतो आहे आणि अजून कोणाला त्याचा फोटो काढता आलेला नाही, कारण फोटोत वास येत नाही.

महात्मा फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले पुरविण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. ज्या धंद्यावरून घराण्याचे नाव बदलते, तो धंदा हलका समजू नये.

पण तात्यांची बाजू घेताना मला माझाही कागद दाखविला पाहिजे. मुलगा शेवटी म्हणाला, “काका, बाबांना गावाने चाळीस वर्षांत नारळ आणि टोपी दिली. मी आल्बम का धरला ते आता सांगू का?” मी काही बोललो नाही. कारण उत्सवाचा हिशेब मी लिहितो आणि ‘फुलांची सजावट’ ह्या रकान्यात दरवर्षी मीच ‘निरंक’ असे लिहीत आलो आहे. फुले लोकांनी दिली, हात तात्यांचा, खर्च शून्य. आम्ही त्याला सेवा म्हणत होतो. सेवा त्यांची होती, बचत आमची.

तेव्हा माझी सूचना अशी. मंडप आणि व्यासपीठ मुलाकडे द्यावे, चौदा नंबरच्या बेताने, पण बांबूच्या सांगाड्यावर आणि हंगामी झेंडूने, स्पंज नको. भाव लेखी ठरवावा. गाभारा, नंदी आणि मुख्य दरवाजा तात्यांकडे. त्यांना चित्र मागू नये, नंबर विचारू नये. त्यांची मजुरीही त्याच यादीत, त्याच शाईने लिहावी. ज्यांच्या परसात मोगरा, तगर, कण्हेर आहे त्यांनी आदल्या दिवशी दिवेलागणीपूर्वी कळ्या तात्यांच्या ओट्यावर पोचवाव्यात. बेल मात्र किडका आणू नये.

काल संध्याकाळी मी यादी घेऊन तात्यांकडे गेलो आणि विचारले, “तात्या, तुमच्या नावापुढे किती लिहू?” ते ओट्यावर सोपट भिजवीत बसले होते. म्हणाले, “आधी फुलं किती येतात ते बघू द्या की.”

रकाना अजून कोराच आहे. सभेने मंजुरी दिली तर आकडा कलशारोहणाच्या दुसऱ्या दिवशी भरतो.