राजीनामा : दिला, घेतला, स्वीकारला



आजचा विषय एका लहानशा क्रियापदाचा आहे. ‘धाकट्याने कंपनीत रिझाइन केले’, ‘बाईंनी शाळेत रिझाइन केले’, अशी वाक्ये आपण घरोघरी ऐकतो. परका शब्द आला म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर काढावे, असे आमचे म्हणणे नाही. तसे करू गेलो तर प्रथम ‘राजीनामा’ हाच शब्द बाहेर काढावा लागेल, कारण त्यातला ‘राजी’ मूळचा अरबी आणि ‘नामा’ फारसी. तेव्हा प्रश्न शब्दाच्या कुळाचा नाही. त्याच्या पोटात काय मावते, याचा आहे.

इंग्रजी ‘रिझाइन’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. मोहोर तोडणे, रद्द करणे, परत करणे असा त्या मूळ शब्दाचा अर्थ. ज्या क्रियापदाने इंग्रज मनुष्य पद सोडतो, त्याच क्रियापदाने तो नशिबापुढे मानही तुकवतो. एक मानी माणसाची कृती, दुसरी हताश माणसाची; शब्द मात्र एकच.

आता आपला राजीनामा पाहा. शब्दशः तो संमतीचा कागद. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे समेट, तडजोड. नोकरी सोडण्याला तिकडे इस्तीफा किंवा त्यागपत्र म्हणतात. आपल्याकडे मुंबई इलाख्यात जमिनीचा कब्जा सोडणारा राजीनामा लिहून देई आणि नवा कब्जेदार कबुलायत लिहून देई. एकाचे सोडणे आणि दुसऱ्याचे घेणे, असा तो जोडीचा व्यवहार होता.

ही दोन पक्षांची खूण मराठीने अजून पुसलेली नाही. राजीनामा दिला जातो, मागितला जातो, घेतला जातो, स्वीकारला जातो, फेटाळला जातो, परतही घेतला जातो. कोणी तो खिशात घेऊन फिरतो, कोणी तोंडावर फेकतो. या प्रत्येक क्रियापदाबरोबर प्रसंग बदलतो आणि कोणाची इच्छा चालली तेही कळते. ‘रिझाइन केले’ एवढ्याने यांतले काहीच कळत नाही. ‘करायला लावले’ असे म्हणता येते, हे खरे. पण घरी आलेला माणूस लाजेने ते म्हणत नाही आणि ऐकणाराही पुढे विचारत नाही.

आपल्या इतिहासातले मोठे राजीनामे आठवा. १९५१ साली डॉ. आंबेडकर केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हिंदू कोड बिल रखडले हे त्यातले एक मुख्य कारण होते आणि आपली कारणे त्यांनी निवेदनात सविस्तर मांडली. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. अरियालूरच्या अपघातानंतर पुन्हा दिला, तेव्हा स्वीकारला गेला. या तिन्ही ठिकाणी देणारा खरोखर राजी होता, म्हणूनच त्या कागदांना तेज होते.

परंतु कागदावर राजी आणि मनात नाराज, अशी स्थिती असेल तर? हा प्रश्न राज्यघटनेलाही पडला. मूळ घटनेप्रमाणे आमदाराने सहीनिशी राजीनामा अध्यक्षांना उद्देशून लिहिला की त्याची जागा तत्काळ रिकामी होई. १९७४ साली गुजरातच्या आंदोलनात आमदारांवर राजीनाम्यासाठी दबाव आल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी तेहेतिसावी दुरुस्ती झाली. राजीनामा अध्यक्षांनी स्वीकारला पाहिजे, आणि तो स्वेच्छेचा किंवा खरा नाही अशी त्यांची खात्री झाली तर त्यांनी तो स्वीकारू नये, असे ठरले. म्हणजे ‘राजीनाम्या’तला ‘राजी’ तपासून पाहण्याचे काम घटनेने एका माणसावर सोपवले.

आमदाराला हे संरक्षण मिळाले. कारकुनाचे, कामगाराचे काय? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली भर पडली, ती अशी : वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची सूचना किंवा तितक्या दिवसांचा पगार, आणि पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. स्वखुशीने काम सोडणारा मात्र या व्याख्येत बसत नव्हता. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा भेद ठेवला आहे. दहा वर्षे राबलेल्या माणसाच्या दृष्टीने याचा हिशेब करा. ‘कमी केले’ म्हटले तर दीडशे दिवसांचा पगार. ‘स्वखुशीने सोडले’ म्हटले तर त्यातला एक पैसाही नाही. खोलीत बोलावून, ‘येथे सही करा, तुमच्याच भल्याचे आहे, बाहेर नाव खराब होणार नाही’, असे गोड शब्दांत का सांगितले जाते, ते आता ध्यानात येईल. त्या सहीने धन्याचा निर्णय नोकराचा होऊन बसतो.

म्हणून, मंडळी, दोनच गोष्टी सांगतो. कोणी असा तयार कागद पुढे केला तर तेथल्या तेथे सही करू नये. तो घरी आणावा, जाणत्याला दाखवावा. आणि दबाव असेल तर तसे त्याच दिवशी लिहून कळवावे. दुसरी गोष्ट शेजारधर्माची. कोणी ‘रिझाइन केले’ म्हणून सांगत आला, तर ‘बरे झाले’ किंवा ‘वाईट झाले’ म्हणण्याआधी हळूच विचारावे : ‘दिलात, की घेतला?’ ही दोन क्रियापदे मराठीने आपल्या हाती दिली आहेत. ‘रिझाइन’ हा शब्द खुशाल वापरा, पण हा प्रश्न विचारायचे सोडू नका.