कॅमेऱ्याचे सेल कुणाच्या पाळीला?



आमच्या बचत गटाकडे पेन्सिल सेलवर चालणारा जुना डिजिटल कॅमेरा आहे. शेळीचा विमा उतरवताना कानातल्या बिल्ल्यासकट तिचा फोटो लागतो आणि शेळी दगावली तर दाव्यासाठीही लागतो. मागच्या पावसाळ्यात गटातल्या एका ताईंची गाभण शेळी रात्रीत गेली. सकाळी आम्ही कॅमेरा घेऊन धावलो. बटण दाबलं, भिंग बाहेर आलं आणि पडदा काळा! दुकान उघडून नवे सेल येईपर्यंत ताई शेळीजवळ बसून माश्या हाकत होत्या. फोटो निघाला, पण त्या तासाभरात आम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

चूक आमचीच. सेल चार्ज करून दोन महिने कॅमेऱ्यातच ठेवले होते. हे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल वापरले नाहीत तरी पडून पडून उतरतात. आता दर बैठकीच्या आदल्या दिवशी ते चार्जरला लागतात. पाळी कुणाची, ते वहीत लिहिलेलं असतं.

पाळी लावली, तर दुसरा घोळ झाला. एकीनं दुकानातले साधे सेल चार्जरमध्ये घातले. मापाला बसतात, मग होतील चार्ज, असं तिला वाटलं. तसं नसतं. सेलवर ‘रिचार्जेबल’ असं छापलेलं असेल तरच तो चार्जरमध्ये घालायचा. त्यावर बहुधा १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्यावर १.५. साधा सेल चार्ज केला तर तो गळतो, कधी फुटतोही. आमचा गळला. ते पाणी दाहक असतं, उघड्या हातानं पुसू नका. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखाना गाठा.

चार्जर आम्ही फरशीवर ठेवतो. अंथरुणावर किंवा चुलीशेजारी नाही. सेल कोमट होणं ठीक, पण हातात धरवत नसेल तर लगेच बटण बंद करा. आमचा चार्जर ठरलेल्या तासांनी बंद होतो. मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून तास मोजायला लागतो. म्हणून आम्ही घड्याळ बघून सेल काढतो. भारनियमनाच्या गावात हे सांगायलाच हवं.

आणखी एक. आमच्या एका मैत्रिणीच्या पर्समध्ये भरलेले सेल, सुटी नाणी आणि किल्ल्या एकत्र होत्या. एसटीत पर्स तापली म्हणून उघडली, तर सेलला हात लावता येईना. दोन्ही टोकांना धातू टेकला की असं होतं. आता सेल प्लॅस्टिकच्या डबीत जातात. नव्या-जुन्याची सरमिसळ नको म्हणून एका जोडीला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, दुसरीला गुलाबी. पैसे खर्चून घेतलेलं नेलपॉलिश पहिल्यांदाच कामी आलं!

तुमच्या कॅमेऱ्यात मोबाइलसारखी चपटी बॅटरी असेल तर तिचाच चार्जर वापरा. ती फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, टोचून बघू नका. निकामी सेल आणि बॅटऱ्या चुलीत किंवा उकिरड्यावर जाऊ देऊ नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

त्या ताईंनी आता दुसरी शेळी घेतली आहे. तिचा बिल्ल्याचा फोटो परवाच काढला, लाल ठिपक्याच्या सेलवर. गुलाबी जोडी डबीत भरून तयार होती.