शिंतोडे



माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पुढची शाळा कारखान्यात आणि वाचनालयात झाली. तेव्हा आजचे शास्त्र मी कामगाराच्या पायापासून सांगणार.

मुलामा देण्याच्या एका कारखान्यात आमची माणसे आम्लाच्या टाकीतून सळया वर काढीत. निथळणारे थेंब ओल्या फरशीवर पडत आणि शेजारच्यांच्या पोटऱ्यांवर चट्टे उठत. मालकांचे म्हणणे, "थेंब सरळ खाली पडतो, बाजूच्या माणसाला लागेल कसा? आणि फरशी तर आम्ही सारखी धुतो." धुण्याने आम्ल सौम्य होते, हे खरे. पण मेख त्या ओलेपणातच आहे.

थेंब पातळ थरावर आदळला की त्याचे पाणी चोहोकडे धावते. थरातले पाणी मात्र स्वस्थ पडलेले. धावणारे स्वस्थाला भिडते. खाली फरशी, म्हणून वाट उरते ती वरची. पाण्याचा गोल पापुद्रा उभा राहतो. हाच मुकुट. पृष्ठताणाने त्याची कड जाड होते, वेडीवाकडी होते, तिला बोटे फुटतात आणि बोटांच्या टोकांतून बारीक थेंब सुटतात. पापणी लवण्याआधी सारे आटोपते!

इंग्लंडात वर्दिंग्टन नावाच्या शिक्षकाने अंधाऱ्या खोलीत विजेच्या ठिणगीच्या उजेडात हे पाहून चित्रे काढली. ती मोठी रेखीव होती. पुढे छायाचित्रे निघाली तेव्हा खरे मुकुट वाकडेतिकडे दिसले आणि त्याने ते 1908च्या ग्रंथात मोकळेपणाने लिहिले. असा प्रांजळपणा वाटाघाटीच्या टेबलावर मला क्वचितच भेटला! एजर्टनचे 1957चे दुधाच्या थेंबाचे रंगीत छायाचित्र तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

आता हिशेब. थेंबाचा जोर आणि पृष्ठताण यांच्या गुणोत्तराला वेबर अंक म्हणतात. पाण्याचा 3 मिलिमीटरचा थेंब 10 सेंटीमीटरवरून पडला तर तो अंक सुमारे 80 येतो. 1 मीटरवरून सुमारे 800. पातळ थरावर अशा थेंबाचे शिंतोडे साधारण दोनशेच्या आसपास सुरू होतात. आम्लाचे आकडे थोडे निराळे, पण न्याय तोच.

म्हणून आम्ही मागितले ते एवढेच : सळईखाली चार बोटांवर तिरके पन्हाळे. थेंबाला जोर धरायला उंचीच मिळू नये. पन्हाळी बसली, दोन टाक्यांना. तिसऱ्या टाकीसाठी आणखी दोन बैठका लागल्या.